काढताना धडधाकट, लावला की मुका: जुन्या उपकरणांतल्या पार्ट्सचं समस्या निवारण

जुना प्रिंटर उघडायचा, मोटारी आणि रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारे पार्ट) काढायचे, डबीत टाकायचे. तीन महिन्यांनी तेच पार्ट प्रोजेक्टमध्ये बसवायचे, आणि सर्किट मख्ख. मग निष्कर्ष ठरलेला असतो: भंगारातलं होतं, भंगारच निघालं.

माझ्याकडे अशी एक ‘मेलेल्यांची डबी’ होती. एकदा निवांत बसून तिच्यातला एकेक पार्ट मल्टिमीटरवर (पुढे नुसतं ‘मीटर’) घेतला, तर निम्म्याहून जास्त ठणठणीत. बिघाड पार्टमध्ये नव्हताच. कुठे मी पाय उलटे समजलो होतो, कुठे पुरवठा कमी पडत होता, कुठे पायांवर काळा थर बसला होता. जे खरोखर मेले होते, त्यातलेही काही मीच सोल्डरिंग आयर्नने मारले होते. तेव्हापासून पार्ट फेकण्याआधी मी एका ठरावीक क्रमाने तपासतो: आधी फुकटातलं, मग मीटरचं, आणि आयर्न सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- पुरवठा दिला तरी काहीच होत नाही.
- थोडा वेळ चालतं, बंद पडतं, गार झालं की पुन्हा चालतं.
- बोटाने दाबून धरलं की चालतं, सोडलं की बंद.
- पार्ट जोडताच पुरवठ्याचा व्होल्टेज कोसळतो.
- एखादा पार्ट हात लावता येणार नाही इतका तापतो.
- मोटार थरथरते, गुणगुणते, पण फिरत नाही.
- मोटार किंवा रिले (विजेने चालणारा स्विच) सुरू होताच मायक्रोकंट्रोलर (प्रोजेक्ट चालवणारी प्रोग्रॅम केलेली चिप) रीसेट होतो.

दाबल्यावर चालतं म्हणजे जोड कच्चा आहे, तिथे मीटर काढण्याचीही गरज नाही. बाकीच्या लक्षणांना एकापेक्षा जास्त कारणं असू शकतात, म्हणून क्रम पाळावा.

हे सगळं बॅटरीवर किंवा कमी व्होल्टेजच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या सर्किटांपुरतं आहे. घरातल्या विजेला थेट जोडलेला भाग असेल तर आधी शेवटचा भाग वाचा.

१. डोळे आणि नाक

पुरवठा बंद करून चांगल्या उजेडात बघा. उभ्या डबीसारख्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारख्या किंवा वायच्या आकाराच्या खाचा असतात. आतला दाब वाढला की तिथूनच फुटावं म्हणून त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. डोकं सपाट हवं. जरासा फुगवटा दिसला किंवा बुडाशी तपकिरी चिकटा दिसला की तो कॅपॅसिटर संपला, पुढे तपासू नका. रेझिस्टरचे रंगपट्टे करपले असतील तर रंग वाचून किंमत काढण्याच्या फंदात पडू नका, लाल आणि तपकिरी भाजल्यावर सारखेच दिसतात. आयसीवर (चिपवर) बारीक खड्डा किंवा चीर असेल तर तो गेला.

नाकाचा उपयोग लोक विसरतात. जळालेल्या सेमीकंडक्टरचा करपट वास कितीतरी दिवस टिकतो.

२. पुरवठा, आणि तोही पार्टच्या पायांवर मोजून

अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट छापलं आहे म्हणून पार्टला १२ व्होल्ट मिळतात असं नाही. मीटरचे प्रोब थेट पार्टच्या पायांवर ठेवा आणि सर्किट चालू असताना मोजा. बारीक तारा, ब्रेडबोर्डची (सोल्डरविना पार्ट खोचायच्या पाटीची) सैल छिद्रं आणि लांबलचक जंपर तारा मिळून व्होल्टेज खातात, आणि करंट वाढला की जास्तच खातात.

जड, ट्रान्सफॉर्मरवाला जुना अॅडॉप्टर असेल तर त्याच्या लेबलवर आउटपुट एसी आहे की डीसी हे आधी वाचा. एसी आउटपुट देणारे अॅडॉप्टरही असतात, आणि ते दिसायला अगदी डीसीवाल्यांसारखेच. डीसी असूनही रेग्युलेशन नसेल तर लोडशिवाय (पुढे काही न जोडता) १२ च्या जागी १६-१७ व्होल्ट दिसतात आणि लोड दिला की खाली येतात. मोकळ्या अॅडॉप्टरचं वाचन बघून निर्णय घेऊ नका, ते यासाठीच.

७८०५ रेग्युलेटरला ५ व्होल्ट बाहेर द्यायला आत साधारण ७ व्होल्ट तरी लागतात. सहा व्होल्टच्या बॅटरीवर तो लावून ‘रेग्युलेटर कमी देतो’ अशी तक्रार करणं म्हणजे त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे.

टीव्हीच्या बॅकलाइटमधल्या एलईडी पट्ट्यांचंही असंच. पट्टीला १२ व्होल्ट दिले, ती पेटली नाही, म्हणून पट्टी खराब असं ठरतं. त्यातले एलईडी एकामागे एक सीरीजमध्ये असतात, प्रत्येकाला ३ किंवा ६ व्होल्ट लागतात. सहा एलईडींची पट्टी ३ व्होल्टच्या हिशेबाने १८ व्होल्ट मागते. १२ वर ती अंधारीच राहणार.

३. पायांवरचा थर आणि कच्चा जोड

काढलेल्या पार्टचे पाय आखूड असतात, त्यांवर जुन्या सोल्डरचे गोळे असतात, आणि डबीत पडून पडून काळपट थर चढतो. असा पाय ब्रेडबोर्डच्या छिद्रात पूर्ण जातच नाही. गेला तरी पकड बसत नाही.

ब्लेडच्या पाठीने पाय हलके खरवडा, थोडं फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) लावा आणि ताज्या सोल्डरचा पातळ लेप द्या. पाय आखूड असेल तर त्याला तार जोडा, ब्रेडबोर्डमध्ये कोंबू नका. पाच मिनिटांचं काम आहे आणि ‘कधी चालतं, कधी नाही’ या जातीच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. रिले आणि स्विचच्या आतल्या संपर्कांवरही थर असतो. स्विच पुरवठ्याशिवाय वीसेक वेळा चालू-बंद करून मग मीटरवर कंटिन्युइटी (वाट जोडलेली आहे का) बघा.

४. ओळख: माझी सगळ्यात जास्त फजिती झालेली पायरी

एका जुन्या ऑडिओ यंत्रातून तीन पायांचा, धातूच्या टॅबचा रेग्युलेटर काढला होता. मूठभर धूळ, वर अंक अर्धवट दिसणारे. मी ७८०५ समजून बसवला. ना तापला, ना जळला, पण आउटपुटवर पाच व्होल्ट काही येईनात. वायरिंग दोनदा उसवली, अॅडॉप्टर बदलला. शेवटी बोटाला थुंकी लावून वरची धूळ पुसली, तेव्हा दुसरा अंक आठ नसून नऊ निघाला. तो ७९०५ होता, उणे व्होल्टेजचा. अंगाने हुबेहूब ७८०५, पण पायांचा क्रम वेगळा.

तिघांची तुलना डोक्यात पक्की असू द्या. छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून उजवीकडे:

- ७८०५: इनपुट, ग्राउंड, आउटपुट
- ७९०५: ग्राउंड, इनपुट, आउटपुट
- एलएम ३१७ (आउटपुट जुळवता येणारा रेग्युलेटर): अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट

टॅब नेहमी मधल्या पायाला जोडलेला असतो. म्हणजे ७८०५ चा टॅब ग्राउंड, ७९०५ चा इनपुट आणि ३१७ चा आउटपुट. तिन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या पत्रीशिवाय आवळले तर ग्राउंड, इनपुट आणि आउटपुट एकमेकांना भिडतील, म्हणजे शॉर्ट: करंटला मधल्यामध्ये थेट वाट.

छोट्या काळ्या ट्रान्झिस्टरांचंही तेच. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी ५४७ चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन ३९०४ चे उलट, एमिटर, बेस, कलेक्टर. आणि जपानी धाटणीच्या बोर्डांवर सर्रास सापडणाऱ्या सी १८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस, म्हणजे बेस मध्ये नाहीच. शिवाय त्याचं पूर्ण नाव २एससी १८१५, अंगावर मात्र फक्त ‘सी १८१५’ छापतात. शोधताना पुढचं ‘२एस’ जोडून शोधा, डेटाशीट (पार्टचं माहितीपत्रक) लगेच मिळते.

कॅपॅसिटरच्या पट्ट्यांनी तर भल्याभल्यांना फसवलं आहे. अॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक डबीवर पट्टी उणे बाजूला असते. बोर्डावर चपट्या, पिवळ्या ठोकळ्यासारखा टँटलम कॅपॅसिटर असतो, त्याच्यावरची पट्टी अधिक बाजूला असते. मी एकदा सवयीने टँटलम उलटा लावला. फट्‌ आवाज, ठिणगी, आणि टेबलावर काळा डाग. चष्मा होता म्हणून बरं. तेव्हापासून भंगारातला टँटलम मी काढतच नाही.

मॉसफेटचा (गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने उघडणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) सापळा वेगळा. आयआरएफझेड ४४ हा जुन्या बोर्डांतून हमखास मिळतो, पण पूर्ण उघडायला त्याच्या गेटला १० व्होल्टच्या आसपास लागतात. मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो, तापतो, आणि आपण म्हणतो खराब आहे. त्याचा लॉजिक लेव्हल, म्हणजे कमी गेट व्होल्टेजवर उघडणारा भाऊ आयआरएलझेड ४४, एकाच अक्षराचा फरक.

५. मीटर: पार्ट सर्किटच्या बाहेर काढून

बोर्डावर बसलेल्या पार्टचं वाचन अर्धसत्य असतं, कारण शेजारचे पार्ट समांतर वाट देतात. रेझिस्टर बोर्डावर छापलेल्या किमतीपेक्षा कमी दिसला तर त्यावरून काही ठरत नाही. जास्त दिसला तर मात्र तो बहुधा गेलाच. शंका असेल तर निदान एक पाय मोकळा करा.

डायोड मोडमध्ये साधा सिलिकॉन डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो आणि उलट दिशेने काहीच नाही (शून्य नव्हे, बऱ्याच मीटरांवर ‘ओएल’). शॉटकी डायोड ०.२-०.३ दाखवतो, तो शॉर्ट समजून फेकू नका. दोन्ही दिशांनी शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. ट्रान्झिस्टरच्या बेसपासून बाकीच्या दोन पायांकडे असेच दोन डायोड दिसायला हवेत, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये काही दिसता कामा नये. पांढरा किंवा निळा एलईडी मीटरवर पेटला नाही तरी घाबरू नका, त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि बऱ्याच मीटरांच्या डायोड मोडमध्ये तेवढे येत नाहीत.

आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात ओहम दाखवतो आणि ते बरोबर आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की ‘खट्’ आवाज यायला हवा.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: साठवूच नका. मीटरवर क्षमता बरोबर दिसते, पण आतला रोध वाढलेला असतो आणि साधा मीटर तो दाखवत नाही. रिले ओढला की मायक्रोकंट्रोलर रीसेट, या तक्रारीमागे अनेकदा हाच निघतो. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे त्याच किमतीचा नवा कॅपॅसिटर तात्पुरता समांतर जोडायचा, दिशा सांभाळून. रीसेट थांबला तर गुन्हेगार सापडला.

इथवर सगळं ठीक असेल आणि तरी पुरवठा कोसळत असेल, तर १२ व्होल्टचा छोटा फिलामेंटचा दिवा (एलईडी नव्हे) पुरवठ्याला सीरीजमध्ये लावून सर्किट चालू करा. दिवा झगझगीत पेटला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. करंट दिव्यातून मर्यादित राहतो, त्यामुळे आणखी काही जळत नाही आणि शांतपणे शोधता येतं.

६. मोटार थरथरते पण फिरत नाही

आधी ठरवा, मोटार कुठल्या जातीची. दोन तारा आणि ब्रश असलेली साधी डीसी मोटार असेल तर मीटर ओहमवर ठेवून शाफ्ट हाताने अगदी हळू फिरवा. वाचन थोडं वरखाली होईल, पण एखाद्या जागी सर्किट एकदम तुटलं तर कम्युटेटरवर (ब्रश ज्याला टेकतात त्या फिरत्या भागावर) कचरा आहे किंवा ब्रश झिजलाय. अशी मोटार ढकलून दिली की चालते, त्यावरूनही ओळखता येते.

हार्ड डिस्कमधली तीन-चार तारांची मोटार ब्रशविना असते. तिला सरळ डीसी दिला तर ती फक्त जागच्या जागी अडकते. तिला स्वतंत्र ड्रायव्हर (मोटार चालवणारं सर्किट) लागतो, आणि बऱ्याच जणांचा इथे हिरमोड होतो.

प्रिंटर आणि स्कॅनरमधला खरा खजिना म्हणजे स्टेपर, पावलापावलाने फिरणारी मोटार. चार तारा असतील तर आत दोन कॉइल असतात. जोड्या कशा ओळखायच्या? मीटरही नको. कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकांना चिकटवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. फिरवताना गचके बसू लागले, जड झाली, तर ती एक जोडी. सैलच राहिली तर दुसरी तार घ्या. जोड्या चुकल्या की मोटार जागीच थरथरते, हेच ते लक्षण. सहा तारा असतील तर प्रत्येक कॉइलला मध्यातून एक तार असते: टोक ते टोक जेवढे ओहम, त्याच्या निम्मे टोक ते मध्य.

जोड्या बरोबर असूनही थरथर असेल तर वेग कमी करून बघा. १.८ अंशांची मोटार एका फेरीला २०० पावलं घेते, आणि स्थिर असताना एकदम जास्त वेगाने पावलं मागितली तर ती अडखळते. वेग हळूहळू चढवावा लागतो.

कॉइलचा रोध ३ ओहम आणि पुरवठा १२ व्होल्ट असेल तर सरळ जोडल्यावर ४ अँपिअर वाहतील आणि कॉइल भाजेल. म्हणून करंट मर्यादित करणारा ड्रायव्हर, ए ४९८८ सारखा, हवा आणि त्याची मर्यादा मोटारीप्रमाणे जुळवायला हवी. आणि पुरवठा चालू असताना मोटारीची तार कधीही उपटू नका. त्याच क्षणी ड्रायव्हर जातो. माझे तीन गेले आहेत, तिन्ही याच एका घाईने.

७. काढतानाच मारला का?

चालतो, बंद पडतो, गार झाल्यावर चालतो, असा पार्ट बहुधा उष्णतेने दुखावलेला असतो. एलईडीच्या आतली केसासारखी तार सुटते, प्लास्टिकच्या कनेक्टरचे पाय ढिले होतात. याला दुरुस्ती नाही, पार्ट बदलायचा. पण पुढचा पार्ट वाचवता येतो.

जुन्या ६३/३७ शिसेयुक्त सोल्डरचा वितळणबिंदू १८३ अंश सेल्सिअस. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशावर निर्बंध आले आणि जगभरचे बोर्ड शिसेविरहित होत गेले. त्यात सर्रास वापरलं जाणारं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. फरक चौतीस अंशांचा, पण हाताला तो चांगलाच जाणवतो: आयर्न टेकवून धरतोय, धरतोय, आणि सोल्डर हलतच नाही. तेवढ्या वेळात उष्णता पायातून पार्टच्या आत पोचलेली असते.

उपाय उलटा वाटतो. सोल्डर काढायच्या आधी त्यात आणखी सोल्डर घाला. जुन्या जोडावर फ्लक्स आणि थोडं शिसेयुक्त सोल्डर वितळवलं की मिश्रण कमी तापमानाला पातळ होतं, मग सकरने (सोल्डर ओढणाऱ्या पंपाने) किंवा विकने (तांब्याच्या वेणीने) ओढा. आयर्न ३५० अंशांच्या आसपास, एका पायावर तीन-चार सेकंद, नाही निघालं तर थांबून गार होऊ द्या आणि पुन्हा. रुंद तांब्याला जोडलेला ग्राउंडचा पाय सगळ्यात हट्टी, त्याला जाड टोकाचा आयर्न लागतो. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा.

हॉट एअर गनने सपासप पार्ट झटकून काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. मीही केलं आहे. हाती लागतात ते वितळलेले कनेक्टर आणि फुगलेले कॅपॅसिटर.

थांबा, इथे जाणकार बोलवा

खालच्या गोष्टींत ‘अजून एकदा बघू’ हा विचार करायचा नाही.

मायक्रोवेव्ह उघडू नका. आतला ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्ट देतो, सोबत मोठा कॅपॅसिटर असतो, आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत अॅनोडवर वीस-तीस हजार व्होल्ट असतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा कॅपॅसिटर चिमुकला दिसतो, पण ३०० व्होल्टच्या आसपास भरतो. हे तिन्ही रोज ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडेच द्या.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) डबा उघडायचा मोह झाला तर लक्षात घ्या, २३० व्होल्टचा एसी रेक्टिफाय झाला की मोठ्या कॅपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी येतो. बाहेरच्या तारांवर जे मोजायचं ते मोजा. बिघाड डब्याच्या आत आहे असं दिसलं की तिथेच थांबा.

लॅपटॉप बॅटरीतले १८६५० सेल: फुगलेला, गळणारा, गंजलेला किंवा मोजल्यावर २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल चार्ज करून बघायचा नाही, तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे जातो. आणि चांगल्या सेलवरही आयर्न लावायचा नाही, त्याला स्पॉट वेल्डिंग करणारा शोधा.

डीव्हीडी रायटरमधला लेझर डायोड डबा बंद असताना निरुपद्रवी, उघड्यावर डोळ्याला कायमची इजा करू शकतो. तो काढला तरी चालू करू नका.

एक थांबा धोक्याचा नाही, पण वेळेचा आहे. ज्या आयसीचे पाय दिसतच नाहीत, खाली सोल्डरचे गोळे असतात, तो घरी काढू नका. खरंच हवा असेल तर त्याचं यंत्र असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या.

सातही तपासण्या झाल्या आणि पार्ट तरी मुका असेल, तर तसाच दुसरा पार्ट लावून बघा. तोही मुका, तर दोष तुमच्या सर्किटमध्ये आहे आणि पहिला पार्ट डबीत परत जातो. डबीत जाताना आता माझ्याकडे प्रत्येक पार्टला पुडी असते, वर चिकटपट्टीवर लिहिलेलं: कशातून काढला, पूर्ण नंबर, पायांचा क्रम, मीटरने काय दाखवलं. काढण्याआधी बोर्डाचा फोटो असतोच. तो ७९०५ अजून आहे. त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे.